माजी सैनिकांचे डोळे आणि उमेदवारांचे गुरु

वैद्यकाचें शिक्षण पुस्तकांत सुरू होतें. तें पुस्तकांत पुरें होत नाहीं. ज्याच्या हातीं रोग्याचें शरीर सोंपवावयाचें, त्याचा हात आधीं कोणा जाणत्याच्या नजरेखालीं बसलेला असावा लागतो. परंतु येथें एक जुनी अडचण उभी राहते. नवशिक्याला अनुभव यावा म्हणून रोगी हवा. आणि रोग्याला नवशिक्या नको, अनुभवी माणूस हवा. दोघांचेंही म्हणणें रास्त आहे. हा पेंच कसा सोडवितां येतो, याचें एक चांगलें उदाहरण अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत पाहावयास मिळतें. तेथील नेत्रविभागांत असे दृष्टिपरीक्षक आहेत, कीं जे सैनिकांचे डोळेही तपासतात आणि त्याच वेळीं, त्याच खोलींत, पुढच्या पिढीचे दृष्टिपरीक्षकही तयार करतात. या दुहेरी कामाचा परिचय करून देणें हा या भाषणाचा हेतु आहे.

दृष्टिपरीक्षक म्हटलें, कीं आपल्याकडे चष्म्याच्या दुकानांत नंबर काढून देणारे गृहस्थ डोळ्यांपुढें येतात. अमेरिकेंतील 'ऑप्टोमेट्रिस्ट' मंडळींचा आरंभही कांहींसा तसाच झाला. चष्मे घडविणाऱ्या व विकणाऱ्या लोकांतूनच हा वर्ग पुढें आला. त्यांच्या धंद्याला कायद्यानें प्रथम मान्यता दिली ती मिनेसोटा संस्थानानें, १९०१ सालीं. १९२४ पर्यंत सर्व संस्थानांत तसे कायदे झाले. तपासणीपुरतीं डोळ्यांत औषधें घालण्याची मुभा १९७१ सालीं ऱ्होड आयलंडनें दिली आणि १९७६ सालीं वेस्ट व्हर्जिनियानें औषधांनीं उपचार करण्याचीही परवानगी दिली. १९९८ पर्यंत ही परवानगी पन्नासही संस्थानांत कोणत्या ना कोणत्या स्वरूपांत पोंचली. आज तेथील दृष्टिपरीक्षक बहुधा महाविद्यालयाची पदवी घेऊन पुढें चार वर्षें या विषयाचा अभ्यास करतो. मोतीबिंदु काढणें किंवा सुटलेलें नेत्रपटल जागीं बसविणें हें नेत्रशल्यवैद्याचें काम. पण रोग ओळखणें, काचबिंदूसारख्या रोगावर औषध चालू ठेवून नजर ठेवणें, चष्मा देणें आणि कोणता रोगी शल्यवैद्याकडे केव्हां पाठवावा हें ठरविणें, हीं दृष्टिपरीक्षकाचीं कामें होत.

माजी सैनिकांच्या रुग्णालयांचा आणि वैद्यकीय शिक्षणाचा संबंध दुसऱ्या महायुद्धानंतर जडला. १९४५ सालीं युद्ध थांबलें आणि लाखों सैनिक घरीं परतले. कित्येक जखमी, कित्येक आजारी. त्यांच्यासाठीं असलेल्या खात्याचा कारभार त्या वेळीं जनरल ओमर ब्रॅडली यांच्याकडे आला होता. रुग्णालयें होतीं, पण चांगले डॉक्टर पुरेसे नव्हते. तेव्हां ३० जानेवारी १९४६ रोजीं निघालेल्या एका धोरणपत्रकानें हीं रुग्णालयें वैद्यकीय विद्यालयांशीं जोडण्याचा मार्ग आंखून दिला. विद्यालयांनीं आपले अध्यापक व उमेदवार पाठवावे, रुग्णालयांनीं त्यांना काम व शिक्षण द्यावें, असा तो व्यवहार होता. त्यांत सैनिकाला विद्वान डॉक्टरांची देखरेख मिळाली आणि विद्यालयाला शिकण्याचें विस्तृत क्षेत्र मिळालें.

दृष्टिपरीक्षकांचा या व्यवस्थेंत प्रवेश झाला तो मात्र बऱ्याच उशिरां. त्यांच्यासाठीं पहिला निवासी शिक्षणक्रम १९७५ सालीं कॅन्सस सिटी येथील रुग्णालयांत निघाला आणि १९७६ च्या एका कायद्यानें या खात्यांत त्यांच्या सेवेला स्वतंत्र स्थान दिलें. आज देशभर सुमारें १७० मोठीं रुग्णालयें या खात्याकडे आहेत आणि त्यांपैकीं पुष्कळांत दृष्टिपरीक्षणाचे उमेदवार शिकतात. उमेदवार दोन प्रकारचे असतात. एक विद्यालयाच्या अखेरच्या वर्षांतील विद्यार्थी. हे कांहीं आठवडे किंवा महिने राहून जातात. दुसरे पदवी घेतलेले निवासी. हे पूर्ण एक वर्ष, बहुधा जुलैपासून पुढच्या जूनपर्यंत, तेथेंच काम करतात. निवासाचें हें वर्ष सक्तीचें नाहीं. पदवी मिळाली कीं धंदा करण्यास मोकळीक असते. तरीही कित्येक तरुण कमी वेतनावर आणखी एक वर्ष शिकावयास येतात, याचें कारण तेथें येणाऱ्या रोग्यांत आहे.

शहरांतील खासगी दवाखान्यांत दिवसभर बसलें, तर बहुतेक निरोगी डोळे आणि चष्म्याचे नंबर पाहावयास मिळतील. माजी सैनिकांचें तसें नाहीं. त्यांच्यांत वयस्कांचा भरणा मोठा. या रुग्णालयांत येणाऱ्यांपैकीं जवळजवळ चौथा हिस्सा मधुमेही असतो. व्हिएतनामच्या युद्धांत झाडांचीं पानें झडविण्यासाठीं 'एजंट ऑरेंज' नांवाचें विषारी द्रव्य फवारलें गेलें होतें; त्या युद्धांत राबलेल्या सैनिकांच्या मधुमेहाचा संबंध त्या फवाऱ्याशीं आहे असें धरून चालण्याचा नियम या खात्यानें २००१ सालीं केला. मधुमेहाबरोबर रक्तदाब येतो, हृदयविकार येतो, मूत्रपिंडाचे विकार येतात. आणि या सर्वांच्या खुणा डोळ्यांच्या तळाशीं उमटतात. शरीरांतील बारीक रक्तवाहिन्या चिरफाड न करतां उघड्या दिसतात अशी जागा नेत्रपटलच होय. उमेदवाराला येथें डोळ्याच्या वाटेनें सारें शरीर पाहण्याची संवय लागते.

शिवाय रोग्याची सर्व टिपणें एका ठिकाणीं असतात. रक्तांतील साखर, घेत असलेलीं औषधें, मागील शस्त्रक्रिया, हें सारें उमेदवाराला समोरच्या यंत्रावर वाचतां येतें. आणि तें वाचल्याशिवाय रोग्याला आंत बोलावूं नये, हा पहिला धडा असतो. एक लहानसें उदाहरण पाहा. लघवीच्या त्रासासाठीं वृद्ध पुरुषांना टॅम्सुलोसिन नांवाचें औषध पुष्कळदां दिलेलें असतें. डोळ्याशीं त्याचा संबंध काय, असें कोणासही वाटेल. पण हें औषध घेणाऱ्या माणसाच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया चालू असतां बाहुलीभोंवतींचा पडदा सैल पडून फडफडतो आणि शल्यवैद्याची फजिती होते. हें २००५ सालीं प्रथम लक्षांत आलें. औषध बंद केलें तरी हा धोका सर्वस्वीं जात नाहीं. शल्यवैद्याला आधीं कल्पना असेल, तर तो तयारीनें बसतो. ही कल्पना देणें उमेदवाराच्या एका ओळीच्या टिपणावर अवलंबून असतें. ती ओळ राहिली, तर गुरूनें ती लिहवून घ्यावयाची.

प्रत्यक्ष तपासणींत क्रमाला फार महत्त्व आहे. रोग्याची हकीकत ऐकावी, अक्षरांच्या तक्त्यावर नजर पाहावी, मग बाहुल्यांवर आळीपाळीनें प्रकाश टाकून त्या सारख्या आकसतात कीं नाहीं हें पाहावें, डोळ्यांतील दाब मोजावा, आणि त्यानंतरच बाहुली मोठी करण्याचें औषध घालावें. नवशिका घाईनें औषध आधीं घालतो. तसें झालें कीं बाहुली कांहीं तास आकसत नाहीं आणि दृष्टितंतूच्या विकाराचा एक मोलाचा पुरावा त्या दिवसापुरता हातचा जातो. दाब मोजण्याचेंही तसेंच. डोळ्यांत पिवळट रंग घालून निळ्या प्रकाशांत पाहिलें, कीं दोन अर्धवर्तुळें दिसतात. त्यांच्या आंतल्या कडा एकमेकींस टेकल्या, कीं आंकडा वाचावयाचा. रंग जास्त झाला तर अर्धवर्तुळें जाड होऊन दाब खोटाच अधिक भरतो. पापणी उचलतांना बोट डोळ्यावर दाबलें गेलें, रोग्यानें श्वास रोखून धरला, किंवा त्याच्या सदऱ्याची गळपट्टी घट्ट असली, तरीही आंकडा वाढतो. अशा खोट्या आंकड्यावर विसंबून एखाद्याला जन्मभराचें औषध लागूं शकतें, किंवा उलट खरा काचबिंदु नजरेंतून सुटूं शकतो. काचबिंदूनें गेलेली दृष्टि परत येत नाहीं. म्हणून उमेदवारानें वाचलेला आंकडा संशयास्पद वाटला, तर गुरु स्वतः पुन्हा मोजतो आणि दोन्ही आंकडे शेजारीं शेजारीं ठेवून चूक कोठें झाली तें दाखवितो.

देखरेखीच्या पायऱ्या या खात्याच्या नियमांत आंखून दिलेल्या आहेत. पहिल्या पायरीवर गुरु त्याच खोलींत हजर असतो. दुसऱ्या पायरीवर तो जवळपास, हांकेच्या अंतरावर असतो. तिसऱ्या पायरीवर तो समोर नसला तरी बोलावतांच सल्ला देण्यास मोकळा असतो. कोणत्या उमेदवाराला कोणत्या कामासाठीं कोणत्या पायरीवर ठेवावयाचें, हें गुरूनें ठरवावयाचें. एकच उमेदवार चष्म्याचा नंबर काढण्यांत तिसऱ्या पायरीवर आणि डोळ्यांत रुतलेला लोखंडाचा कण काढण्यांत पहिल्याच पायरीवर असूं शकतो. मुभा द्यावयाची ती कामागणिक, आणि योग्यता पाहून. विद्यार्थ्याच्या बाबतींत तर तपासणी झाल्यावर गुरु आंत येऊन स्वतः डोळा पाहतो, मगच रोग्याला घरीं जाऊं देतो. टिपणाखालीं गुरूची सही पडते आणि त्या सहीबरोबर सर्व जबाबदारी त्याची होते.

सही करणें सोपें, शिकविणें अवघड. गुरूला उत्तर ठाऊक असतें आणि बाहेर पुढचे रोगी वाट पाहत असतात. अशा वेळीं उत्तर सांगून मोकळें होण्याचा मोह मोठा असतो. चांगला गुरु तो मोह आवरतो. तो प्रथम उमेदवाराला विचारतो, "काय दिसलें?" मग, "त्याचा अर्थ काय?" आणि शेवटीं, "हा अर्थ चुकीचा असेल, तर आणखी काय असूं शकेल?" डोळ्याच्या तळाचें चित्र भिंगांतून उलटें दिसतें, म्हणून तो तें आधीं कागदावर काढावयास सांगतो आणि मग आपण पाहतो. चित्र व डोळा यांत जेथें फरक पडतो, तेथें त्या दिवसाचा पाठ असतो.

समजा, एक वृद्ध सैनिक सांगतो, कीं त्याचा डावा डोळा अधू झाला आहे; दाराच्या डाव्या चौकटीला तो वरचेवर धडकतो. उमेदवार दोन्ही डोळ्यांनीं तक्ता वाचवून घेतो, नजर उत्तम. डोळ्याचा तळही निर्दोष. तो गोंधळतो. गुरु त्याला प्रत्येक डोळा झांकून बाजूची नजर तपासावयास सांगतो. तेव्हां कळतें, कीं दोन्ही डोळ्यांची डावी बाजू गेली आहे. म्हणजे दोष डोळ्यांत नसून मेंदूच्या उजव्या भागांत आहे, आणि या माणसाला बहुधा नकळत पक्षाघाताचा झटका येऊन गेला आहे. येथून पुढें त्याला चष्म्याची गरज नाहीं. मेंदूच्या वैद्याची आहे.

याहूनही निकडीचें एक उदाहरण आहे. पंचाहत्तरीच्या माणसाला कांहीं दिवसांपासून डोकें दुखतें आणि एका डोळ्यानें अंधुक दिसूं लागलें आहे. उमेदवार मोतीबिंदूकडे बोट दाखवितो; कारण त्या वयांत मोतीबिंदु असतोच. गुरु रोग्याला दोन साधे प्रश्न विचारतो. जेवतांना घांस चावतां चावतां जबडा दुखतो काय? केस विंचरतांना डोक्याची कातडी दुखते काय? उत्तर होय असें आलें, तर कानशिलाजवळच्या रक्तवाहिनीला सूज आणणाऱ्या एका रोगाची शंका येते. हा रोग दृष्टितंतूचा रक्तपुरवठा तोडतो आणि उपचार झाले नाहींत, तर थोड्याच दिवसांत दुसरा डोळाही जाऊं शकतो. रक्ताची तपासणी तांतडीनें करून, पुढील परीक्षांची वाट न पाहतां, त्याच दिवशीं औषध सुरू करावें लागतें. त्या दोन प्रश्नांची किंमत एका माणसाची उरलेली दृष्टि इतकी आहे. हे प्रश्न पुस्तकांतही छापलेले आहेत. परंतु ज्यानें एकदां गुरूला ते विचारतांना आणि मग घाईनें दूरध्वनि उचलतांना पाहिलें, तो ते विसरत नाहीं.

इराक व अफगाणिस्तान येथील युद्धांनीं आणखी एक नवा धडा दिला. स्फोटाच्या धक्क्यानें मेंदूला इजा झालेले तरुण सैनिक परत येऊं लागले. त्यांच्यासाठीं पालो आल्टो, टॅम्पा, मिनियापोलिस व रिचमंड येथें बहुविध इजांचीं केंद्रें झालीं. या तरुणांपैकीं पुष्कळांची तक्त्यावरील नजर निर्दोष असे. तरीही वाचावयास बसलें कीं ओळी हलत, डोकें दुखे, साध्या दिव्याचा प्रकाशही सोसत नसे. कसून तपासतां असें आढळलें, कीं जवळचें पाहतांना दोन्ही डोळे आंत वळवून एका ठिकाणीं रोखण्याची शक्ति पुष्कळांत उणी पडली आहे, आणि जवळून दूर नजर बदलण्याची क्रियाही मंदावली आहे. व्यायाम, त्रिकोनी कांचांचे चष्मे आणि रंगीत भिंगें यांचा अशांना उपयोग होतो. उमेदवारानें येथें शिकावयाचें तें हें, कीं तक्ता वाचतां येणें म्हणजे दृष्टि ठीक असणें नव्हे. आणि आपल्याला दोष सांपडला नाहीं, एवढ्यावरून रोगी खोटें बोलतो असें ठरवूं नये.

ज्यांची दृष्टि औषधानें वा शस्त्रक्रियेनें सुधारणार नाहीं, त्यांचें काय? या बाबतींत या खात्याची परंपरा जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत रिचर्ड हूव्हर यांनीं अंध सैनिकांना लांब काठीनें वाट चांचपून चालण्याची पद्धत शिकविली. १९४८ सालीं शिकागोजवळच्या हाइन्स रुग्णालयांत अंधांच्या पुनर्वसनाचें पहिलें केंद्र उघडलें. त्याचे पहिले प्रमुख रसेल विल्यम्स हे स्वतः युद्धांत दोन्ही डोळे गमावून बसलेले गृहस्थ होते. पुढें, थोडी दृष्टि उरलेल्यांना त्या उरलेल्या दृष्टीचा वापर शिकविण्याचें काम दृष्टिपरीक्षकांकडे आलें. याच खात्यांत १२६ माजी सैनिकांवर झालेल्या एका प्रयोगाचा वृत्तांत २००८ सालीं प्रसिद्ध झाला. नेत्रपटलाच्या मध्यबिंदूच्या रोगानें ज्यांची नजर गेली होती, त्यांपैकीं कांहींना भिंगें व इतर साधनें देऊन तीं वापरण्याचें शिक्षण लगेच दिलें आणि बाकीच्यांना नेहमींप्रमाणें वाट पाहावयास ठेवलें. चार महिन्यांनीं पाहतां, शिकविलेल्यांची वाचण्याची व इतर कामें करण्याची शक्ति स्पष्टपणें वाढलेली होती. न शिकविलेल्यांची उलट थोडी घसरली होती. म्हणून "आतां कांहीं करण्यासारखें उरलें नाहीं" हें वाक्य उमेदवाराच्या तोंडून निघूं नये, याविषयीं गुरु दक्ष असतो. भिंग हातांत देऊन भागत नाहीं. तें किती अंतरावर धरावें, दिवा कोठें ठेवावा, हें रोग्याशेजारीं बसून शिकवावें लागतें.

या व्यवस्थेच्या अडचणीही आहेत. जेथें एकटा अनुभवी माणूस दोन रोगी तपासील, तेथें उमेदवारासह एकच पुरा होतो. प्रतीक्षा वाढली तर तक्रार होते. शिकविणें आंखडतें घेतलें तर पांच वर्षांनीं तपासणारेच कमी पडतात. वृद्ध सैनिकाला एकाच दिवशीं दोनदां प्रखर उजेड सोसावा लागतो, तीच हकीकत दोनदां सांगावी लागते. आपल्याला तपासणारा उमेदवार आहे हें त्याला आधीं सांगितलेंच पाहिजे, असा तेथें दंडक आहे. ज्याच्या मनांत रणांगणाच्या आठवणी अद्याप ताज्या आहेत, त्याच्या खोलींतील दिवा मालवण्यापूर्वीं आणि कपाळाला हात लावण्यापूर्वीं तसें बोलून दाखवावें, हेंही उमेदवाराला शिकवावें लागतें. पुष्कळ सैनिक हा त्रास खुषीनें सोसतात. सैन्यांत प्रत्येकजण कधीं ना कधीं रंगरूट होता; नव्या माणसाला कोणीतरी शिकवावें लागतें, हें त्यांना वेगळें सांगावें लागत नाहीं.

अशा रीतीनें दरवर्षीं दोनशेंच्या आसपास निवासी आणि हजाराहून अधिक विद्यार्थी या रुग्णालयांतून शिकून बाहेर पडतात. कोणी खेड्यांत दवाखाना घालतात, कोणी विद्यालयांत शिकवितात, तर कोणी त्याच खात्यांत नोकरी धरून पुढें स्वतः उमेदवारांवर देखरेख करूं लागतात. त्यांना शिकविणाऱ्या सैनिकांपैकीं बहुतेकांना आपण कोणास शिकविलें याची कल्पनाही नसते. पण पुढें एखाद्या दूरच्या गांवीं, सैन्याशीं कधीं संबंध न आलेली एखादी वृद्धा डोकेंदुखीची तक्रार घेऊन येते, आणि चष्म्याच्या नंबराआधीं तिला जबड्याविषयीं प्रश्न विचारला जातो, तेव्हां त्या सैनिकाच्या सोशिकपणाचें आणि त्या गुरूच्या देखरेखीचें फळ तिला मिळालेलें असतें. नवशिक्याला रोगी हवा आणि रोग्याला अनुभवी माणूस हवा, या पेंचावर तेथें शोधलेला तोडगा इतकाच आहे, कीं दोघांच्या मध्यें जबाबदारी ओळखणारा एक तिसरा माणूस सतत उभा ठेवावा आणि त्याला त्या कामासाठीं पुरेसा वेळ द्यावा.